जिताड्याची रंगपंचमी

माशांना रंग दिसतात का, हा प्रश्न नोकरीत असलेल्या माणसाला पडत नाही. त्याला पेन्शन लागते. माझी सुरू झाली आणि बँकेच्या कॅश काउंटरवर आयुष्यभर नोटांचे रंग निरखलेला मी प्लास्टिकच्या माशांचे रंग निरखायला लागलो.

याचं मूळ सासुरवाडीत आहे. ती रायगड जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. त्या पट्ट्यात जिताडा हा नुसता मासा नाही. कचेरीत अडलेली फाइल साहेबांच्या घरी जिताडा पोचता झाला की हलायची, असं जुनी माणसं अजून सांगतात. शेतातल्या तळ्यात जिताडे पाळणारी आणि व्याही आले की तळ्यात उतरणारी घरं तिथे आहेत. मी मात्र लग्नापासून तो ताटातच पाहत आलो. माझा मेव्हणा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून, गरीला जिवंत कोळंबी लावून जिताडा काढतो आणि काठावर मला म्हणतो, "दाजी, तुम्ही बसा. पाय घसरंल." हे 'तुम्ही बसा' मला लागलं.

जिवंत कोळंबी लावणं माझ्याच्याने होत नाही. ती काही करत नाही, नुसती बघते. पण ते बघणं सोसवत नाही. म्हणून ल्युअर. ल्युअर म्हणजे लाकडाचा, धातूचा किंवा प्लास्टिकचा खोटा मासा. त्याच्या पोटाखाली तीन-तीन टोकांचे गळ. तो लांब फेकायचा आणि रीळ फिरवत असा ओढायचा की जखमी मासा वेडावाकडा पोहतोय असं वाटावं. फिनलंडच्या लाउरी रापाला नावाच्या कोळ्याने १९३६ साली बुचाच्या लाकडाचा असा मासा कोरला, त्याला चमक यावी म्हणून चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. घरातल्या कचऱ्यातून एवढा मोठा उद्योग उभा राहिला. आमच्याकडे उलट झालं. उद्योगातून घरात कचरा आला, असं बायको म्हणते.

मुंबईतल्या ज्या दुकानात मी शिरलो तिथला मुलगा वयाने माझ्या नातवाच्या वर असेल-नसेल, पण माशांच्या मनात काय चालतं हे त्याला पाठ होतं. "सर, ऊन असेल तर चंदेरी. ढगाळ असेल तर सोनेरी. गढूळ पाण्याला पोपटी, संध्याकाळी जांभळा."

"आणि लाल?"

"लाल कधीही. रक्ताचा रंग ना, सर. मासा वेडा होतो."

ल्युअर चारशेपासून नऊशेपर्यंत. मी प्रत्येक हवामानासाठी एकेक घेतला आणि वेडा करण्यासाठी लाल जास्तच घेतले. घरी पेटी उघडली तेव्हा बायकोने चष्मा लावला. मला जे आठ-नऊ रंग वाटले होते त्यांची तिने पंधरा-वीस नावं सांगितली: आबोली, डाळिंबी, चिंतामणी, मोरपिशी, राणी, शेवाळी, अंजिरी. एका ल्युअरला जरीची कडा होती. तो उलटसुलट करून ती म्हणाली, "याला फॉल-बिडिंग इथेच करायचं की जिताडा करून घेईल?"

त्या रात्री मी पाणी आणि प्रकाश या विषयावर वाचायला बसलो. खरेदी आधी आणि अभ्यास नंतर हा क्रम आमच्या घरात फ्रिजपासून चालत आला आहे.

सूर्याचा प्रकाश पाण्यात शिरला की सगळे रंग सारखे खाली उतरत नाहीत. अगदी शुद्ध पाणीसुद्धा गडद लाल प्रकाशाचा दर मीटरला तिसरा हिस्सा ते जवळपास निम्मा भाग गिळतं. निळा मात्र मीटरमागे जेमतेम एक टक्का. पगारातून टीडीएस कापावा तसा लाल वरच्या वर कापला जातो आणि निळ्याला सगळ्या सवलती. स्वच्छ समुद्रात दहा मीटरच्या आसपास लाल जवळजवळ संपलेला असतो. मग नारिंगी, मग पिवळा. लाल वस्तू तिथे लाल दिसत नाही, कारण परत पाठवायला तिच्यापर्यंत लाल प्रकाशच पोचलेला नसतो. ती काळपट दिसते. खोल समुद्रातल्या कित्येक कोळंब्या लालभडक असतात त्या मिरवायला नव्हे, लपायला. शिवाय प्रकाशाला नुसतं खाली उतरून भागत नाही. ल्युअरवर आपटून आडवा प्रवास करत त्याला माशाच्या डोळ्यापर्यंत जायचं असतं, आणि त्या वाटेवरही पाणीच असतं. म्हणजे ल्युअर हातभर खोल असला तरी मासा जर चार मीटर दूर असेल, तर रक्ताचा रंग त्याच्यापर्यंत रक्ताचा म्हणून पोचेलच असं नाही.

मी पेटीतले लाल मोजले. मग निळे मागवले.

हे ज्ञान एकट्याने बाळगणं मला जड गेलं. जेटीवर तरीची वाट पाहणारे लोक कुठे जाऊ शकत नाहीत, हे हेरून मी त्यांना सर सी. व्ही. रामन सांगायला सुरुवात केली. १९२१ साली रामन विलायतेहून 'नारकुंडा' जहाजाने परत येत होते. आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून समुद्र निळा, असं लॉर्ड रॅले यांनी सांगून ठेवलं होतं. रामन यांनी डोळ्याला निकोल प्रिझम लावून पाण्यावरची आकाशाची चमक पुसून टाकली. तरी समुद्र निळाच, उलट जास्तच निळा. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात असं त्यांनी मांडलं, आणि जहाज मुंबई बंदरात आलं तेव्हा 'नेचर'ला पाठवायचं पत्र त्यांच्याकडे तयार होतं. "आपल्या मुंबई बंदरातून!" मी म्हणालो. "पुढे १९३० साली नोबेल!"

टोपलीवर हात ठेवून बसलेली एक कोळीण सगळं नीट ऐकत होती. ती म्हणाली, "म्हावरं काय गावलं त्याला?"

तर लागली, त्यामुळे रामन यांची बाजू मांडायची राहून गेली.

वाचलेलं स्वतः पाहिल्याशिवाय मानायचं नाही, ही रामन यांचीच शिकवण म्हणून मी वाडीतल्या विहिरीवर प्रयोग मांडला. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घातला, त्याच्यासमोर काठीला एक लाल आणि एक पांढरा ल्युअर बांधला आणि ही पालखी सुतळीने भर दुपारी, ऊन थेट विहिरीत पडत असताना, खाली सोडली. खाली लाल खरोखर विटकरी होत गेला की नाही, हे सांगता येत नाही, कारण मोबाइल हुशार होता. पाण्यातला रंग त्याने आपल्या अकलेने दुरुस्त करून दाखवला. दरम्यान लाल ल्युअरचे गळ पंपाच्या फूटव्हॉल्व्हच्या जाळीत बसले. मी ओढलं. काहीतरी मोठं लागल्याचा आनंद मला, खोटं कशाला बोला, झाला. मी आणखी ओढलं. पाइपाचा सांधा निसटला.

संध्याकाळी घरात पंचे घेतलेली माणसं रांगेने उभी होती आणि पंप नुसती हवा ओढत होता. मेव्हणा कंबरेला दोर बांधून विहिरीत उतरला. वर येऊन त्याने फक्त एवढंच विचारलं, "दाजी, जिताडा विहिरीत असतो असं कुणी सांगितलं तुम्हाला?" सासूबाई आतून म्हणाल्या, "जाऊ दे रे, जावईबापूंना नाद लागलाय, व्यसन तर नाही ना." हे वाक्य प्रमाणपत्र समजावं की काय, यावर घरात दोन मतं आहेत.

विहिरीचं पाणी निवळशंख. खाडी तशी नाही, हे मला दिसत होतंच. पण किती नाही, हे मोजायला हवं होतं. त्याची रीत आंजेलो सेकी नावाच्या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली पोपच्या जहाजावरून घालून दिली आहे. पांढरी चकती दोरीने पाण्यात सोडायची आणि ती जिथे दिसेनाशी होते ती खोली मोजायची. आजही समुद्रशास्त्रवाले हेच करतात. चकती नव्हती, म्हणून मी स्वयंपाकघरातली मोठी स्टीलची थाळी घेतली, पार्सलाला बांधतात तशी सुतळी तिच्याभोवती आडवीउभी बांधली आणि जेटीवरून सोडली. वीत-दीड वीत गेली आणि दिसेनाशी झाली. माप टिपून मी वर ओढायला लागलो. सुतळी आली.

ती थाळी माझ्या बायकोला लग्नात तिच्या मावशीने दिलेली, आणि आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे. ओहोटीला ती चिखलात उघडी पडली. निवटे धरायला गेलेल्या पोरांनी तिच्यावरचं 'सप्रेम भेट'पर्यंत सगळं मोठ्याने वाचलं आणि वाचत वाचत, वाटेतल्या प्रत्येक घराला दाखवत ती आमच्या दारात आणून दिली. बायकोने थाळी चिंचेने घासली, पालथी घालून ठेवली आणि म्हणाली, "नाव होतं म्हणून परत आली. त्या तुमच्या प्लास्टिकच्या माशांवरही घालून घ्या." मी हसलो नाही. सूचना व्यवहार्य होती.

पण माप महत्त्वाचं निघालं. निळा टिकतो आणि लाल बुडतो हा हिशेब स्वच्छ, खोल समुद्राचा. कोकणातल्या खाडीत तो तसाच्या तसा चालत नाही. इथे उधाणाच्या भरतीला तळाचा गाळ वर येतो आणि त्याचे कण प्रकाश असा विखुरतात की सगळं पाणी एकसारखं दुधाळ दिसायला लागतं. रंग बाजूलाच राहिला, कडासुद्धा पुसल्या जातात. त्यात तिवरांची कुजलेली पानं पाण्यात उतरून त्याला चहासारखा पिवळट रंग देतात, आणि तो रंग आधी निळा गिळतो. तिथे हिरवट-पिवळा जास्त दूर जातो. पाणी फारच तपकिरी असेल तर नारिंगी-लालसुद्धा निळ्याच्या पुढे निघून जातो. म्हणजे माझे लाल अगदीच वाया नव्हते. निळे होते. निळ्यांचं पार्सल त्याच दिवशी आलं.

गावातल्या नानांना, जे या खाडीवर दात येण्याआधीपासून आहेत आणि आता दात गेल्यावरही आहेत, हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "उधाणाला कशाला येता? भांगाला या. पाणी निवळ असतं." पाद्री, पोप आणि थाळी यांतलं काहीही न वापरता.

तरीही एक मुद्दा शिल्लक होता आणि त्यात मी जाणकार होतो. काही रंग फ्लुरोसंट असतात. साधा नारिंगी फक्त नारिंगी प्रकाश परत पाठवतो, त्यामुळे तो प्रकाश संपला की रंगही संपला. फ्लुरोसंट नारिंगी मात्र निळा, हिरवा किंवा अतिनील प्रकाश पिऊन स्वतः नारिंगी प्रकाश सोडतो. म्हणून जिथे साधे रंग काळवंडतात तिथेही तो पेटलेला दिसतो. कॅशियर म्हणून मी हे रोज पाहिलं होतं. अस्सल नोट अतिनील दिव्याखाली धरली की तिचा नंबर आणि कागदातले बारीक तंतू चमकतात. मग पेटी घेऊन मी माझ्या जुन्या शाखेत गेलो आणि नोटा तपासायच्या दिव्याखाली एकेक मासा धरू लागलो. पोपटी लखलखला. आबोलीने निराशा केली. मागे रांग वाढत गेली. काउंटरवरची मुलगी फार सौजन्याने म्हणाली, "सर, यातले नकली असतील तर आम्हाला जप्त करून पोलिसांना कळवावं लागेल." मी म्हणालो, सगळेच नकली आहेत. सुरक्षारक्षक उठून उभा राहिला.

माशाला हे सगळं दिसतं का, ते माशागणिक बदलतं. दवाखान्याच्या काचपेटीत फिरणाऱ्या गोल्डफिशच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या असतात, आपल्या तीन. त्याला अतिनीलही दिसतं, आणि आपण त्याच्याकडे कीव करत बघतो. अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशावर इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी रंगांची परीक्षा घेतली. लाल आणि हिरवा त्याने चांगले ओळखले, पण पोपटी आणि पांढरा यांत त्याची गल्लत झाली, तशीच निळा आणि काळा यांत. म्हणजे दुकानात ज्या दोन छटांसाठी मी अर्धा तास घालवला असता, त्या बासने एकाच खात्यात जमा केल्या असत्या. जिताडा बास नाही. पण त्याच्या डोळ्यावर रात्री टॉर्च मारला की डोळा निखाऱ्यासारखा पेटतो. आत प्रकाश परतवणारा थर असतो, अंधारात उरलेसुरले किरण दुसऱ्यांदा वापरून घेणारा. तो अंधुक उजेडातला शिकारी आहे. त्यात पाण्यातली हालचाल टिपणारी जाणिवेची रेघ अंगाच्या दोन्ही बाजूंना असतेच. गढूळ पाण्यात रंगाची खातरजमा करत बसायला तो साडीच्या दुकानात आलेला नसतो.

हे सगळं डोक्यात आणि पेटी खांद्यावर घेऊन मी भांगाच्या दिवशी खाडीत उतरलो. पहिल्या फेकीत मोरपिशी तिवरात गेला. तो आणायला गेलो तर पाय गुडघ्यापर्यंत चिखलात आणि चप्पल त्याहून खाली. निवटे डोळे वर काढून बघत होते. चिखलावर चालायचं कसं हे त्यांना जन्मतः येतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. राणी रंगाचा कालवांच्या खडकात अडकला. डाळिंबी मी फेकताना माझ्याच टोपीला लागला आणि टोपीसकट गेला. टोपी बराच वेळ तरंगत होती, तेवढ्या वेळात तिच्यावरही काही लागलं नाही.

मग मऊ प्लास्टिकचे, शेपटी हलवणारे ल्युअर काढले. त्यांना ताबडतोब प्रतिसाद आला. टुक, टुक. वर काढला की शेपटी नाही. आबोलीची गेली, पोपटीची गेली, निळ्याचीही गेली, फ्लुरोसंट आणि साध्या, सगळ्यांच्या गेल्या. शेवटी एक गुन्हेगार वर आला: केंड. हातात घेतला तर पोट फुगवून, दात दाखवून, माझ्याकडे बघत बसला. रंगांचा इतका निःपक्षपाती अभ्यास करणारा दुसरा संशोधक मला भेटलेला नाही. त्याचा निष्कर्ष असा की सगळे रंग खाण्याजोगे आहेत.

सूर्य गेला. पेटीत एकच धड ल्युअर उरला होता, काळा, पृष्ठभागावर बुडबुड करत चालणारा पॉपर. तो मी घेतला नव्हता; दुकानातल्या मुलाने एवढी खरेदी बघून फुकट टाकला होता. म्हणजे तसं मला वाटलं होतं, बिलात तो होता, साडेसहाशे. काळा रंग अंधारात कशाला, हा प्रश्न मलाही पडला, पण उत्तर सोपं आहे. मासा खालून वर बघतो. वर मावळतीचं फिकट आभाळ असतं आणि त्याच्यावर काळ्या आकाराइतकं ठळक दुसरं काही दिसत नाही. मेव्हणा तोवर दोन रावस घेऊन, पाय धुऊन, काठावर माझी वाट बघत बसला होता. मी पॉपर फेकला, दोनदा ओढला, मध्ये थांबलो, कारण डास चावला.

पाण्यात धोंडा पडल्यासारखा आवाज झाला. काठी वाकली. रिळाचा ड्रॅग सैल ठेवायचा असतो हे मी वाचलं होतं, पण घट्ट केल्यावर मासा सुटत नाही असं मला तर्काने वाटलं होतं. एकदा पाण्याबाहेर रुंद चंदेरी पाठ दिसली. मेव्हणा "दाजी, सोडा, सोडा, जाऊ द्या त्याला!" असं ओरडला, दोरा सोडा म्हणत होता, मी काठी सोडली, मग पुन्हा धरली, आणि दोरा तुटला.

मेव्हण्याच्या मते मासा दोन किलोचा. माझ्या मते सात. घरी पोचेपर्यंत आम्ही तडजोड करून पाचवर आलो. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे एवढे रंग आणले आणि लागला तो काळ्याला? त्याला रंग तरी म्हणतात का?"

तेव्हा खाडीत ल्युअर घेऊन उतरणाऱ्यांसाठी माझा निवाडा ऐका. उजाडताना आणि मावळताना काळा. पाणी निवळ असेल तर चंदेरी. गढूळ असेल तर पोपटी, तोही फ्लुरोसंट, बँकेत तपासून नव्हे. बाकीची पेटी नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग काढायला उपयोगी पडते, हे आमच्याकडे सिद्ध झालं आहे. आणि एक विनंती. खाडीच्या मुखाकडे कुणाला जबड्यात काळा पॉपर अडकलेला जिताडा मिळाला, तर मासा खुशाल खा, पण पॉपर तेवढा सासुरवाडीच्या पत्त्यावर पोचवा. पत्ता विचारायची गरज पडणार नाही. त्यावर नाव घातलेलं आहे.